समुद्राकडे तोंड केलेली घरं

८ मार्च २०१९ रोजी अलिबागजवळ किहीमच्या किनाऱ्यावरचा हिरेव्यापारी नीरव मोदी यांचा बंगला रायगडच्या जिल्हा प्रशासनाने सुरुंग लावून पाडला. बांधकाम इतकं भक्कम होतं की नुसत्या यंत्रांनी ते हटेना, म्हणून स्फोटकं आणावी लागली. किनारा नियमन क्षेत्राचे नियम मोडून उभ्या राहिलेल्या अलिबागच्या बंगल्यांविरुद्धची याचिका उच्च न्यायालयात कित्येक वर्षं चालू होती. मालक देश सोडून पळालेला नसता तर हा बंगला त्या दिवशी पडला असता का, असा प्रश्न मला तेव्हाही पडला होता.

याच किहीममध्ये १९३० साली पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली सुगरणीची घरटी बघत बसले होते. जर्मनीहून परतल्यावर हाताला नोकरी नव्हती, पण किनाऱ्यावरच्या या गावात राहायला घर होतं आणि वेळ होता. सुगरणीचा नर एकामागून एक घरटी विणतो, मादी येऊन घरटं पारखते, पसंत पडलं तरच त्यात संसार मांडते, आणि ती अंड्यांवर बसली की नर पुढच्या घरट्याला लागतो, हे त्यांनी इथे पाहून नोंदवलं. पाखरांच्या अभ्यासातलं ते मोलाचं काम ठरलं. ते शक्य झालं, कारण किहीम म्हणजे नुसती पुळण नव्हती. पुळणीच्या मागे वाडी होती, वाडीत विहिरी, त्यापलीकडे भातशेतं, बांध आणि ताडमाड. आज मांडव्याकडून किहीमकडे येताना रस्त्याच्या कडेला बऱ्याच ठिकाणी दिसतात त्या कंपाउंडच्या उंच भिंती.

किनारी पर्यटनाबद्दल गेली काही वर्षं एक सूत्र सगळीकडे ऐकू येतं: माणसं कमी, पैसा जास्त. गोव्यात त्याला दर्जेदार पर्यटन म्हणतात. मालदीवने १९७२ पासून ज्या एका-बेटावर-एक-रिसॉर्टच्या पद्धतीवर देश उभा केला, तिचा दाखला दिला जातो. लक्षद्वीपसाठी मिनिकॉय, कदमत आणि सुहेली इथे पाण्यावरच्या व्हिलांचे प्रस्ताव आले तेव्हाही युक्तिवाद हाच होता. बसगाड्या भरून येणाऱ्या गर्दीपेक्षा मोजके श्रीमंत पाहुणे बरे, ते कचरा कमी करतील, गोंगाट कमी करतील, निसर्गावरचा भार हलका होईल. ऐकायला हे पटतं. गर्दीने नासलेला कळंगुट-बागाचा किनारा ज्याने पाहिला आहे त्याला तर लगेच पटतं.

मला हे सूत्र मुळातच चुकीचं वाटतं. किनाऱ्यावरच्या प्राण्याचं नुकसान पाहुण्यांच्या संख्येवर ठरत नाही. कायमची भिंत, रात्रीचा दिवा, सपाट केलेली वाळू आणि उपसलेलं गोडं पाणी यांवर ते ठरतं, आणि या चारही गोष्टी आलिशान बांधकामात जास्त असतात. दहा पाहुण्यांसाठी बांधलेली व्हिला वर्षातले बहुतेक दिवस रिकामी असली, तरी तिची भिंत तिथेच असते आणि बागेतले दिवे लागलेलेच असतात.

हे नीट समजून घ्यायचं तर ऑलिव्ह रिडले कासवाच्या मादीची एक रात्र बघावी लागते. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर ती साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत येते. ओडिशातल्या गहिरमाथा किंवा ऋषिकुल्यासारखी लाखोंच्या झुंडीने नव्हे, एकेकटी, अंधारात. भरतीच्या रेषेवर थोडं थांबते. समोर उजेड हलला, माणूस दिसला, कशाला तरी अडखळली, तर अंडी न घालताच माघारी वळते. सगळं ठीक वाटलं तर लाटा पोचणार नाहीत इतक्या उंचीवर, मर्यादवेलीच्या आसपास, मागच्या वल्ह्यांनी हातभर खोल खड्डा करते, शंभरच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून दाबते आणि निघून जाते. पुढचे ४५ ते ६० दिवस त्या अंड्यांची आई म्हणजे ती वाळूच. वाळूचं तापमान साधारण २९-३० अंशांच्या वर राहिलं तर पिल्लं बहुतांश माद्या होतात, खाली राहिलं तर नर. वाळू दबून घट्ट झाली तर पिल्लांना वर येता येत नाही. शेजारी पाणी शिंपून राखलेली हिरवळ असेल तर ओल वाढते, भिंतीची सावली पडत असेल तर ऊन घटते. पिढीचं लिंग ठरवणारं गणित असं कुणाच्या तरी बागकामावर जाऊन बसतं.

पिल्लं बहुधा रात्रीच बाहेर येतात आणि उजेडाकडे धावतात. लाखो वर्षं हा नियम बिनचूक चालला, कारण मोकळ्या किनाऱ्यावर रात्री सगळ्यांत उजळ असतं ते समुद्रावरचं क्षितिज, आणि जमिनीच्या बाजूला टेकडी-झाडांची काळोखी रेघ असते. मागे दिवे लागले की हा नियम उलटतो. ऋषिकुल्याला आसपासच्या वस्तीच्या आणि रस्त्याच्या दिव्यांकडे जाणारी पिल्लं गावकरी आणि वनखात्याची माणसं गोळा करून समुद्रात सोडत आली आहेत. जमिनीकडे चाललेलं पिल्लू सकाळपर्यंत वाळतं, नाहीतर खेकडे, कुत्री आणि कावळे त्याला गाठतात. कासवाचा हंगाम आणि गोव्याचा पर्यटनाचा हंगाम नेमका एकच आहे. मोरजी, आश्वे, मांद्रे या सलग पट्ट्यात डिसेंबरअखेर जेवढा उजेड असतो तेवढा वर्षात कधी नसतो, आणि तेच अंडी घालण्याचे दिवस. या कासवाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाच्या रांगेत जागा आहे. पण त्याला लागणाऱ्या काळोखाला कायद्यात कुठेच धड जागा नाही.

आता दिव्यापेक्षाही मोठी गोष्ट, वाळूची टेकडी. कोकणातली जुनी किनारी गावं पाहिली तर एक रचना पुन्हा पुन्हा दिसते. समुद्र, मग पुळण, मग मर्यादवेल आणि रावणाच्या मिशांनी धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या, त्यावर केवडा, मागे नारळी-पोफळीची वाडी, आणि वाडीच्या आत घर. होड्या आणि रापणीचं सामान पुढे, माणसं मागे. समुद्राकडे तोंड करून घर बांधायचं कुणाच्या मनात येत नसे. खारा वारा आणि पावसाळ्यातल्या लाटा ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसल्या त्यांना टेकडीची किंमत माहीत होती. कोकणात पावसाळ्याआधी घरात बेगमी करून ठेवतात, तशी किनाऱ्याने उन्हाळाभर साठवलेली वाळू म्हणजे ही टेकडी. आषाढात मोठ्या लाटा ती वाळू ओढून नेतात, किनाऱ्यालगत पाण्याखाली तिचा बांध घालतात, त्या बांधावर लाटांचा जोर मोडतो, आणि पावसाळा सरला की संथ लाटा तीच वाळू परत आणून टाकतात. किनारा दरवर्षी मागे-पुढे होतो. जमिनीचा सात-बारा असतो तसा पुळणीचा ठरलेला नकाशा नसतो.

आलिशान बांधकामाचा मालच मुळी समुद्राचं दर्शन असतो. खोलीतून, तरणतलावातून, न्याहारीच्या टेबलावरून समुद्र दिसला पाहिजे, कारण भाडं त्याचंच आहे. मध्ये टेकडी आली तर ती कापली जाते, केवडा आला तर उपटला जातो. साध्या खाणावळीला किंवा गावातल्या घरगुती निवासाला हे करण्याचं कारण नसतं. त्यांचा पाहुणा पाच मिनिटं चालून किनाऱ्यावर जातो. म्हणजे माणशी पाहिलं तर टेकडीचा सर्वांत मोठा घास श्रीमंतांसाठीचं पर्यटनच घेतं. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे निवृत्त शास्त्रज्ञ अंतोनियो मस्कारेन्हस यांनी वाळूच्या टेकड्यांबद्दल वर्षानुवर्षं लिहिलं आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्याचा अभ्यास करताना, जिथे टेकड्या आणि झाडं शाबूत होती तिथे मागच्या वस्तीला आधार मिळाला, हे त्यांनी दाखवलं.

टेकडी गेल्यावर काय होतं याचं मोठं उदाहरण मेक्सिकोतलं कानकून आहे. सत्तरच्या दशकात सरकारने ठरवून, नियोजन करून, समुद्र आणि खाजण यांच्या मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर ही हॉटेलनगरी वसवली. टेकड्यांवरच इमारती उभ्या राहिल्या. १९८८ च्या गिल्बर्ट आणि २००५ च्या विल्मा या चक्रीवादळांनी तिथली वाळू ओरबाडून नेली, आणि परत आणायला मागे शिल्लकच नव्हती. मग समुद्राच्या तळाची वाळू उपसून यंत्रांनी किनाऱ्यावर ओतावी लागली, आणि काही वर्षांतच ते काम पुन्हा करावं लागलं. तळावरचे जीव त्यात गेले, आणि ओतलेली वाळू कासवांसाठी मूळच्या वाळूसारखी राहिली नाही. ज्या सौंदर्यासाठी हॉटेलं आली ते हॉटेलांनीच संपवलं, आणि त्याची भरपाई करताना उरलेल्या जिवांना पुन्हा एकदा किंमत मोजावी लागली.

यावर एक उत्तर तयार असतं, आणि ते टाळून पुढे जाणं बरं नव्हे. गोव्यात आणि कोकणात गेल्या काही हंगामांत कासवांच्या घरट्यांची नोंद वाढली आहे. मग नुकसान कुठे आहे? वाढ खरी आहे, आणि आनंदाची आहे. पण तिच्यामागे कोण आहे ते बघायला हवं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने या शतकाच्या सुरुवातीला वेळासला काम सुरू केलं, तेव्हा घरट्यातली अंडी सर्रास चोरली जात. गावातलीच माणसं कासवमित्र झाली, पहाटे किनारा धुंडाळू लागली, अंडी कुंपणात सुरक्षित ठेवू लागली. मोरजीतही नव्वदच्या दशकाअखेरपासून गावकऱ्यांनी आणि वनखात्याने पहारा दिला. ऑलिव्ह रिडले वयात यायला दशकभराहून जास्त काळ लागतो. म्हणजे आज येणाऱ्या माद्यांत तेव्हा वाचवलेल्या पिल्लांचा वाटा असू शकतो, आणि आज आपण किनाऱ्याचं जे करतो आहोत त्याचा हिशेब पुढच्या पंधरा-वीस वर्षांनी समोर येईल.

दुसरं, घरट्यांचा आकडा वाढला म्हणून किनारा निरोगी आहे असं होत नाही. अंडी उचलून कुंपणात नेणं हा चोर आणि कुत्री यांच्यावरचा उपाय म्हणून सुरू झाला, आणि वेळासला तो योग्यच होता. मात्र जिथे दिव्यांमुळे आणि सनबेडमुळे अंडी जागेवर ठेवताच येत नाहीत, तिथे कुंपणाचा अर्थ बदलतो. तिथली पुळण कासवाच्या कामाची उरलेली नसते, आणि तिचं काम माणसं हाताने करत असतात. ते थांबलं की सगळं थांबेल. हॉटेलचे दिवे चालू राहावेत म्हणून गावचा एक पोरगा रात्रभर कुंपणाशी बसतो, आणि रिसॉर्टच्या जाहिरातीत कासवाचं चित्र छापलं जातं, हे मला सहन होत नाही.

कासवाबद्दल मी एवढं लिहितो आहे कारण ते दिसतं आणि मोजता येतं. समुद्रगरुड पुळणीलगतच्या उंच जुन्या झाडावर वर्षानुवर्षं तेच घरटं दुरुस्त करत राहतो, आणि झाड तोडलं की ती जागा कायमची जाते. केंटिश चिखल्या वाळूतच उघड्यावर अंडी घालतो. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे चिखले आणि कुरव ओहोटीच्या ओल्या पट्ट्यावर पोट भरतात, आणि बऱ्याच पर्यटन किनाऱ्यांवर तिथेच यंत्राने वाळू विंचरली जाते. खाड्यांमधल्या पाणमांजरांना काठ मोकळा लागतो, सिमेंटने बांधलेला नाही. गोडं पाणी वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. तरणतलाव आणि हिरवळीसाठी ते जास्त उपसलं की खालचं खारं पाणी वर चढतं, आणि मग गावच्या विहिरी, वाडीतली झाडं आणि बेडूक एकाच वेळी संकटात येतात. कासवासारखा यांपैकी कुणाचाही महोत्सव भरत नाही.

कायद्याची गोष्ट मीटरांची आहे. १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत बांधकामं नकोत असं बजावलं. किनारा नियमन क्षेत्राच्या १९९१ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावर पहिले २०० मीटर मोकळे ठेवण्याचा नियम आला. ती अधिसूचना पुढच्या दोन दशकांत पंचवीसेक वेळा बदलली गेली. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात २०० चे ५० मीटर केले, आणि तात्पुरत्या पर्यटन सुविधांना भरतीरेषेपासून अवघ्या १० मीटरवर परवानगी दिली. कासव जिथे खड्डा करतं ती नेमकी हीच जागा. ५०, २०० की ५०० या वादात आपण चाळीस वर्षं घालवली, पण जी रेषा दरवर्षी हलते तिच्यापासून मोजलेलं कुठलंही अंतर पुरेसं ठरत नाही. मोजायचं तर टेकडीच्या मागच्या, जमिनीकडच्या पायथ्यापासून मोजायला हवं.

आणि मोडलेला नियम परत जोडता येतो का, हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. गोव्यातला शॅक पावसाळ्यापूर्वी उतरवावा लागतो. त्याच्या शंभर तक्रारी असतील, दिवे आणि गाण्यांचा त्रास खराच आहे, पण जूनमध्ये ती वाळू समुद्राला परत मिळते. काँक्रीटची व्हिला जात नाही. केरळच्या वेंबनाड सरोवरातल्या एका बेटावर ५४ व्हिलांचं रिसॉर्ट नियम मोडून बांधलं गेलं. ज्यांची मासेमारीची जागा गेली ते मच्छीमार न्यायालयात गेले. रिसॉर्ट पाडण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये कायम केला, आणि प्रत्यक्ष पाडकाम सुरू व्हायला सप्टेंबर २०२२ उजाडला. जिंकलेल्या खटल्याची ही गती. जिथे गुंतवणूक मोठी असते तिथे वकीलही मोठे असतात, आणि एकदा जमिनीचे भाव त्या पातळीला गेले की चूक सुधारण्याचा खर्च कुठल्याही पंचायतीच्या आवाक्यात राहत नाही. माणसं कमी आणि पैसा जास्त या सूत्रातला जास्त पैसा असा किनाऱ्याच्या विरोधात काम करतो.

रोजगाराचं काय, हा प्रश्न शहरात बसून उडवून लावण्याचा मला अधिकार नाही. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तिथल्या तरुणांनी मुंबईची वाट न धरता गावात जगावं, ही अपेक्षा रास्त आहे. गाबीत आणि कोळी कुटुंबांचं उत्पन्न घटत असताना जमिनीला चांगला भाव देणारा माणूस दारात आला, तर नाही म्हणायला मोठं बळ लागतं. पण शिरोडा-वेळागरला हॉटेलसाठी नव्वदच्या दशकात घेतलेल्या जमिनीचा वाद इतकी वर्षं का धुमसत राहिला आणि तेरेखोलच्या ग्रामस्थांनी गोल्फच्या प्रकल्पाला का विरोध केला, हेही ऐकायला हवं. भिंत आली की रापण ओढायची जागा जाते, होडी ठेवायची जागा जाते, आणि मोबदल्यात मिळते ती माळ्याची किंवा पहारेकऱ्याची नोकरी. वेळासला पाहुणा गावातल्या घरात उतरतो, मोदक आणि सोलकढी जेवतो, पहाटे पिल्लं समुद्रात जाताना बघतो आणि पैसे त्या घरात राहतात. मी वेळासचं देव्हाऱ्यात ठेवून पूजन करत नाही. तिथेही गर्दी वाढली तर त्रास होणारच, आणि तारकर्ली-मालवणात छोट्या व्यावसायिकांच्या बोटींनीही समुद्राला ताण दिलाच आहे. तरी तिथल्या चुका दुरुस्त होऊ शकतात. उद्या गावाने ठरवलं तर बोटी कमी होतील आणि दिवे विझतील, कारण ठरवणारी माणसं तिथेच राहतात.

गोव्यातल्या मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला, सिंधुदुर्गातल्या चिपीचा त्याआधी २०२१ मध्ये. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचं काम पुढे सरकतं आहे. पेडण्यात, म्हणजे मोरजी-मांद्र्याच्या पट्ट्यात, जे झालं ते तेरेखोल नदी ओलांडून वेंगुर्ल्यात यायला आता फार वेळ लागणार नाही. तिथे वायंगणीला आजही कासवं येतात, आणि बऱ्याच गावांपुढे टेकड्या अजून जागेवर आहेत.

समुद्राकडे उघडा पडणारा दिवा किनाऱ्यावर नसावा, जे दिवे हवेतच ते खाली लावलेले, झाकलेले आणि पिवळसर-तांबड्या उजेडाचे असावेत, असे नियम फ्लोरिडातल्या अनेक भागांत कासवांसाठी आहेत. ते इथे आणायला तंत्रज्ञानाची अडचण नाही. आपल्याच अधिसूचनेनुसार वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा सर्वांत संवेदनशील अशा पहिल्या वर्गात येतात, तिथे व्हिलाला परवानगीच मिळू शकत नाही. अट एकच, ती टेकडी आणि ती जागा किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशावर असली पाहिजे. नकाशात जिथे नुसती मोकळी जमीन दाखवलेली असते, तिथे टेकडी सपाट केली तरी नियम मोडल्याचं सिद्ध करता येत नाही. म्हणून जिथे जिथे टेकडी शिल्लक आहे त्या गावच्या ग्रामसभेने आराखड्याची प्रत मागवून आपल्या पुळणीवर ती धरून बघावी, कासवमित्रांच्या घरट्यांच्या नोंदी तिच्यावर टाकाव्यात, जे सुटलं असेल त्याचा लेखी आक्षेप किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे द्यावा, आणि हे सगळं जमिनीची पुढची खरेदीखतं नोंदली जाण्याआधी व्हावं.